एसीत गॅस भरून घेताय? आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की मेकॅनिकला ठरलेला फोन जातो: "दादा, एसी थंड करत नाही, जरा गॅस भरून द्या." पहिली चूक इथेच होते. दुखणं सांगायचं सोडून आपणच औषध सुचवतो. मग येणारा माणूस गेज (दाब मोजायचं मीटर) लावतो, गॅस सोडतो, पैसे घेतो आणि जातो. काही दिवस गार हवा येते, नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, खोलीतली उष्णता आतल्या कॉइलमध्ये घेतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये टाकतो. दहा वर्षांनीही तो तेवढाच असायला हवा. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय. "दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो" असं सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

गळती बऱ्याचदा फ्लेअर नटवर सापडते, म्हणजे तांब्याची नळी युनिटला पान्याने आवळून जोडलेली असते तिथे. नीट पाहिलंत तर नटाभोवती तेलकट, काळी धूळ चिकटलेली दिसेल. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. साबणाचा दाट फेस लावला की त्याच जागी बारीक बुडबुडे फुगत राहतात. कधी नट आवळून भागतं, कधी नळीचं तोंड कापून नवं फ्लेअर (पसरट तोंड) करावं लागतं. हे काम फार मोठं नसतं, पण ते न करता गॅस भरला तर पैसे हवेत गेले.

कॉइललाच छिद्र असेल तर दुखणं मोठं. किनारपट्टीवर खारी हवा कॉइल खाते. उघड्या नाल्याजवळच्या घरांत तिथल्या वायूंमुळे तांब्याला बारीक भोकं पडतात. अशा सडलेल्या कॉइलवर डाग मारला तर शेजारी नवं छिद्र पडतं. ती बदलणंच बरं. त्याआधी वॉरंटीचं कार्ड मात्र काढून बघा.

गळती बुजवल्यावर नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन तो टिकतोय ना ते पाहायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, आणि त्यानंतरच गॅस. इथे सर्रास टाळाटाळ होते. "थोडा गॅस सोडला की हवा निघून जाते" हे ऐकलंत तर काम थांबवा. आत राहिलेली ओल तेल खराब करते आणि त्याचा फटका कॉम्प्रेसरला बसतो. शिवाय हल्लीच्या बहुतेक एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. तो बंद खोलीत सोडणं किंवा नळीत गॅस असताना ज्योत लावून जोड मारणं धोक्याचं आहे.

गॅस कोणता आणि किती ग्रॅम हे आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, पट्टीवर छापलेलं असतं. पूर्ण भरणा वजनकाट्यावरच व्हायला हवा, नुसत्या गेजच्या अंदाजाने नाही. जुन्या आर-२२ च्या एसीत आर-३२ भरता येत नाही, कारण त्याचा दाब खूप जास्त असतो.

गार होत नाही म्हणजे गॅसच कमी, असंही नसतं. आधी आतल्या युनिटची जाळी (फिल्टर) काढून उजेडात धरा. पलीकडचं दिसत नसेल तर साध्या पाण्याने धुवा. उन्हाळ्यात हे दर पंधरवड्याला करावं. कॉइलवर बर्फ धरला असेल तर एसी बंद करून तो वितळू द्या, सुरीने खरवडू नका. आउटडोअरपुढे बॉक्स, कपडे किंवा शोभेची जाळी असेल तर तेच गरम वारं तो परत ओढतो. बाहेरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, तर साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीत अनेकदा कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, गेलेला असतो. ते गॅस भरण्यापेक्षा कितीतरी स्वस्तातलं काम आहे, पण कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्यामुळे स्वतः हात घालू नका.

विदर्भातल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ वर गेला की तीच क्षमता घटते. मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीखालची खोली २४ अंशांवर येत नसेल आणि रात्री येत असेल, तर गॅसला दोष देऊ नका. गच्ची तापू न देण्याचा आणि पश्चिमेच्या खिडकीवरचा उपाय शोधा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची गळचेपी वेगळीच. अकरा महिन्यांचा करार संपतो, एसी काढायचा असतो, आणि घाईत नट सोडले की सगळा गॅस फुस्स. काढण्यापूर्वी "पंप डाउन" करा असं स्पष्ट सांगा. एसी चालू ठेवून गॅस आउटडोअरमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करतात, थोड्या मिनिटांचं काम आहे. नव्या घरी बसवताना नळ्यांवर व्हॅक्यूम पंप लावून घ्या. हे दोन्ही झालं आणि नळ्यांची लांबी फार वाढली नाही, तर वेगळा गॅस घालावा लागत नाही.

इनडोअरमधून पाणी टपकलं तरी काही जण गॅसचंच नाव घेतात. बहुतेकदा ड्रेनच्या नळीत शेवाळ आणि मळ साचलेला असतो, किंवा नळीला उतार नसतो.

मेकॅनिक ठरवताना फोनवरच विचारा: व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार का, गळती कुठे होती ते दाखवणार का, बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिणार का. आउटडोअर उंचावर ग्रिलबाहेर लटकत असेल तर सेफ्टी बेल्टचंही विचारा. बेल्ट नसेल तर त्याला खिडकीबाहेर जाऊ देऊ नका, काम दुसऱ्या दिवशी होईल.

आणि तो घरात असतानाच एसी वीस मिनिटं चालवा. इनडोअरच्या वरून आत जाणाऱ्या आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडायला हवा, दमट हवेत थोडा कमी चालतो. तो दिसल्यावर पैसे द्या.