पोस्टातल्या मंडळींचा हेल्थ इन्शुरन्स बदललाय: ओपन सीझनच्या आधी काय काय काढून ठेवायचं

अमेरिकेत यूएसपीएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी पोस्टात, नोकरी करणारे किंवा तिथून रिटायर झालेले आपले बरेच काका-काकू आहेत, आणि त्यांचं ऑनलाइनचं सगळं बघणारी त्यांची मुलं-सुना आहेत, त्या सगळ्यांसाठी लिहितेय. मी स्वतः पोस्टात खिडकीवर काम करते, त्यामुळे नोव्हेंबरात ओपन सीझन, म्हणजे वर्षातून एकदा प्लॅन निवडायचे-बदलायचे दिवस, आला की एकच प्रश्न दहा जणांकडून येतो, "कुठला प्लॅन घेऊ?" माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी आपण नियमांच्या कुठल्या खान्यात बसतो ते नक्की करायचं, कारण प्लॅन चुकला तर पुढच्या वर्षी बदलता येतो, पण मेडिकेअरचा (पासष्टीपासूनचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांचा खर्च बघणारा आणि हप्ता लागणारा भाग, चुकला किंवा रिटायर झाल्यावर इन्शुरन्स कॅन्सल केला तर ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात आणि काही वेळा निस्तरतच नाही.

मागचं थोडं सांगते म्हणजे हे सगळं का झालं ते कळेल. २००६ च्या कायद्याने पोस्टावर सक्ती केली होती की पुढे रिटायर होणाऱ्यांच्या हेल्थ बेनिफिट्सचे पैसे आत्ताच बाजूला काढा, वर्षाला साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास, आणि पोस्टाला ते काही झेपेना. मग ६ एप्रिल २०२२ ला पोस्टल सर्व्हिस रिफॉर्म अ‍ॅक्टवर बायडन यांची सही झाली, ती सक्ती गेली, पण त्यासोबत असंही ठरलं की रिटायर झालेल्यांच्या उपचारांचा खर्च आधी मेडिकेअरने उचलायचा. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून पोस्टवाल्यांना एफईएचबीच्या, म्हणजे सगळ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या हेल्थ इन्शुरन्सच्या, मोठ्या गटातून काढून पीएसएचबी, म्हणजे पोस्टल सर्व्हिस हेल्थ बेनिफिट्स, या वेगळ्या कप्प्यात टाकलं. चालवणारी ओपीएमच (केंद्र सरकारचं कर्मचारी खातं), कंपन्याही बऱ्याचशा त्याच, ब्लू क्रॉस, गेहा, एनएएलसी, एपीडब्ल्यूयू, एमएचबीपी, काही राज्यांत कायझर. ज्यांनी तेव्हा काहीच निवडलं नाही त्यांना आपोआप मिळत्याजुळत्या प्लॅनमध्ये घातलं. त्यामुळे "मी तर काही केलंच नाही, माझा जुनाच आहे" असं म्हणणारे जे आहेत त्यांचाही प्लॅन बदललेला आहे, नाव तेच दिसत असलं तरी. जुनं एफईएचबीचं ब्रोशर घरात असेल तर ते आधी रद्दीत टाका, त्यावरून हिशोब करू नका.

आता तयारी. सगळ्यात आधी एका कागदावर चार ओळींत तारखा लिहा: तुमची जन्मतारीख, जोडीदाराची जन्मतारीख, रिटायर झाल्याची किंवा होणार असल्याची तारीख, आणि मेडिकेअर कार्ड आलं असेल तर त्यावरच्या पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) आणि पार्ट बीच्या तारखा. या चार ओळींवर सगळं ठरतं. १ जानेवारी २०२५ ला किंवा त्याआधी रिटायर झालात आणि १ जानेवारी २०२५ ला पार्ट बी घेतलेला नव्हता, तर तुम्हाला तो घ्यायची सक्ती नाही, पीएसएचबी चालू राहतो. पण तेव्हा पार्ट बी घेतलेला होता तर तो आता सोडायचा नाही, सोडलात तर पीएसएचबी जातो. त्या दिवशी नोकरीत होतात पण वय ६४ किंवा जास्त होतं, तरीही सक्ती नाही, कितीही उशिरा रिटायर व्हा. आणि त्या दिवशी नोकरीत आणि ६४ च्या आत असाल तर रिटायर झाल्यावर, पासष्टी झाली आणि पार्ट ए फुकट मिळत असेल, की पार्ट बी घ्यावाच लागतो, नाहीतर पीएसएचबी नाही. नोकरीत आहात तोवर मात्र पासष्टीनंतरही सक्ती नाही, कारण तेव्हा पीएसएचबी आधी पैसे देतो आणि मेडिकेअर नंतर.

इथे आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. गावाकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेला असतो, तोच दाखल्यावर, तोच पासपोर्टवर, तोच सोशल सिक्युरिटीत (सरकारी पेन्शन खात्याच्या नोंदीत). मेडिकेअरचा नियम असा की वाढदिवस महिन्याच्या एक तारखेला असेल तर मेडिकेअर आदल्या महिन्यापासून सुरू होतं, म्हणजे १ जूनवाल्यांचं १ मे पासून. नाव नोंदवायची सात महिन्यांची खिडकीही त्यामुळे एक महिना अलीकडे सरकते, फेब्रुवारी ते ऑगस्ट. आणि वरच्या ६४ वर्षांच्या नियमात १ जून १९६० वाले सुटतात, १ जून १९६१ वाले अडकतात. खरा वाढदिवस दिवाळीत आहे वगैरे काही चालत नाही, सोशल सिक्युरिटीकडे जी तारीख आहे तीच धरायची.

जोडीदाराचा विषय लोक हमखास विसरतात. काकूंनी अमेरिकेत एक दिवस नोकरी केली नसली तरी काकांचे चाळीस क्वार्टर (साधारण दहा वर्षांची नोकरी) भरलेले असले आणि काका किमान ६२ चे असले तर काकूंना पासष्टीला पार्ट ए फुकट मिळतो, आणि काकांवर पार्ट बीची सक्ती असेल तर काकूंवरही येते. म्हणजे हप्ते दोन. २०२६ साठी पार्ट बीचा हप्ता २०२.९० डॉलर महिना आहे, दोघांचे मिळून ४०५.८०, आणि पीएसएचबीचा हप्ता वेगळा. त्यातही २०२६ मध्ये पीएसएचबीत आपल्या खिशातून जाणारा वाटा सरासरी ११ टक्क्यांच्या वर वाढलाय, तेव्हा पेन्शनमधून हातात किती येणार ते आत्ताच मांडून बघा. नोकरीत हप्ता दर पंधरवड्याला कापला जातो, वर्षाला २६ वेळा आणि टॅक्सच्या आधी, तर रिटायर झाल्यावर महिन्याला, १२ वेळा आणि टॅक्स भरलेल्या पैशातून. दोन्ही आकडे शेजारी ठेवून घाबरायचं नाही, वर्षाचा हिशोब करायचा. दुसऱ्या बाजूला काही प्लॅन पार्ट बीवाल्यांना डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) आणि को-पे (दर भेटीला द्यायचे पैसे) माफ करतात, काही तर पार्ट बीच्या हप्त्यातले थोडे पैसेही परत देतात, हे ब्रोशरच्या नवव्या सेक्शनमध्ये मेडिकेअरच्या भागात असतं, तिथे शोधा.

दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न पण काढून ठेवा. २०२६ मध्ये जोडप्याचं २०२४ चं उत्पन्न २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर पार्ट बी आणि पार्ट डी (औषधांचा भाग) दोन्हीवर जादा हप्ता लागतो, त्याला इर्मा म्हणतात. पुण्यातला फ्लॅट विकला आणि त्याचा नफा इथल्या रिटर्नमध्ये दाखवला (दाखवावा लागतोच) तर दोन वर्षांनी तो असा समोर येतो. रिटायर झाल्यामुळे उत्पन्न कमी झालं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून कमी करून मागता येतं, स्वतःहून घर विकलं म्हणून मात्र सूट मिळत नाही.

पासष्टीनंतर काम करून रिटायर होणाऱ्यांना दोन फॉर्म लागतात, सीएमएस-४०बी हा पार्ट बीचा अर्ज आणि सीएमएस-एल५६४ हा नोकरीतून इन्शुरन्स होता याचा पुरावा. एल५६४ चा अर्धा भाग आपण भरायचा आणि अर्धा पोस्टाच्या एचआरने भरून सही करून द्यायचा, त्याला वेळ लागतो हो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नोकरी सुटल्यावर आठ महिने मिळतात पण आठ महिने थांबायचं कशाला, मधल्या काळात पीएसएचबीचा घोळ होतो. हे हुकलं तर दर पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के दंड, आणि तो पार्ट बी आहे तोवर भरत राहायचा.

औषधांचं नीट समजून घ्या. मेडिकेअरवाल्या रिटायर लोकांना पीएसएचबीत औषधं आता पार्ट डीमधून मिळतात, प्लॅन स्वतःच नाव घालतो, वेगळा अर्ज नाही. "मला पार्ट डी नको" असं कळवलंत तर पीएसएचबीतून औषधांचं कव्हरेज बंद आणि हप्ता मात्र तेवढाच. आणि १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर मेडिकेअरचा स्वतःचा सीझन असतो, तेव्हा टीव्हीवर जाहिराती आणि फोनवर फोन, फुकट दात, फुकट चष्मा. आईबाबांना एवढं एकच पक्कं सांगून ठेवा की फोनवर मेडिकेअर नंबर द्यायचा नाही आणि कशालाही हो म्हणायचं नाही, कारण बाहेरच्या पार्ट डी किंवा अ‍ॅडव्हांटेज प्लॅनमध्ये (खासगी कंपनीकडून चालणारं मेडिकेअर) नाव गेलं की पीएसएचबीचा पार्ट डी आपोआप सुटतो आणि हे कळतं ते फार्मसीच्या काउंटरवर. औषधांच्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून नाव, डोस, दिवसाला किती, अशी यादी करा आणि प्रत्येक औषध प्लॅनच्या यादीत कुठल्या टियरमध्ये (किमतीच्या पायरीवर) आहे ते बघा. हे कंटाळवाणं काम आहे पण प्लॅनची खरी तुलना इथेच होते, हप्त्यात नाही.

लवकरच रिटायर होणार असाल तर दोन गोष्टी आत्ताच तपासा. एक, रिटायरमेंटच्या आधी सलग पाच वर्षं इन्शुरन्स असायला हवा, एफईएचबीची वर्षंही त्यात धरतात. दुसरी, जोडीदाराला तुमच्या पश्चात इन्शुरन्स चालू राहायला हवा असेल तर सर्व्हायव्हर पेन्शन निवडलेली हवी आणि मृत्यूच्या वेळी प्लॅन सेल्फ ओन्ली नको, सेल्फ प्लस वन किंवा फॅमिली हवा. पेन्शन थोडी जास्त दिसावी म्हणून सर्व्हायव्हरचं कापून टाकणारे बघितले की जीव तुटतो, कृपा करून दोघांनी बसून ठरवा. भारतातून आलेले आईवडील पीएसएचबीत बसत नाहीत, फक्त जोडीदार आणि २६ च्या आतली मुलं, त्यामुळे त्यांची सोय वेगळी करायला लागते.

रिटायर होऊन पुण्या-नाशिकला राहायला जायचं असेल तर लक्षात घ्या, मेडिकेअर भारतात पैसे देत नाही. जे खरोखर अमेरिकेबाहेर राहतात त्यांना पार्ट बीच्या सक्तीतून सूट आहे, पण ओपीएमला पुरावा द्यावा लागतो, नुसतं हिवाळ्यात चार महिने जाऊन येणं त्यात बसत नाही. अशांनी देशव्यापी प्लॅनच्या ब्रोशरमध्ये परदेशातल्या उपचारांचा भाग वाचून मगच ठरवावं. व्हीएच्या (माजी सैनिकांच्या खात्याच्या) आरोग्यसेवेत नाव असलेल्यांनाही सूट आहे, तीही कागद दाखवून.

आणि कॅन्सल हे बटण. रिटायर झाल्यावर पीएसएचबी कॅन्सल केला तर सहसा परत मिळत नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज किंवा ट्रायकेअरसाठी (सैन्याचा हेल्थ इन्शुरन्स) थांबवायचा असेल तर तो सस्पेंड करायचा, त्याचा वेगळा फॉर्म असतो, मग पुढच्या ओपन सीझनला परत येता येतं.

एवढं झालं की मग प्लॅन. २०२५ मध्ये ओपन सीझन १० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर होता, दरवर्षी साधारण तेच दिवस असतात, त्याआधी सरकारी साइटवर शिरायला लागणारं लॉगिन डॉट गव्हचं खातं चालतंय का बघून ठेवा, कोड जुन्या फोन नंबरवर जात असेल तर शेवटच्या रात्री काहीच करता येत नाही. ब्रोशरचा दुसरा सेक्शन, यंदाचे बदल, आधी वाचा. डॉक्टर आणि हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का हे त्यांच्या ऑफिसला फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. एफएसए (टॅक्सच्या आधीचे पैसे औषधोपचाराला बाजूला ठेवायची सोय) दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, डेंटल-व्हिजन बेनफेड्स या साइटवरून, ते पीएसएचबीत नाही. निवड केली की शेवटचं कन्फर्मेशनचं पान प्रिंट करा आणि जानेवारीचा पहिला पे स्टब किंवा पेन्शनचं स्टेटमेंट आलं की कापलेली रक्कम त्याच्याशी ताडून बघा, फरक दिसला तर त्याच आठवड्यात फोन लावा.