300 साड्या आणि 4,91,520 पत्ते

नवा माल साइटवर चढवला, पण गूगलवर दिसत नाही, ही तक्रार आमच्याकडं गणपतीच्या तोंडावर हमखास येते. बेळगावातल्या दुकानांच्या साइट मी सांभाळतो. अशा वेळी मजकूर, फोटो, कीवर्ड यांना आधी हात लावू नका. होस्टिंगच्या पॅनेलमधून अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कुठलं पान उघडून गेलं याची नोंद, उतरवून घ्या आणि गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, नेमका कुठल्या पत्त्यांवर (यूआरएलवर) फिरतोय ते बघा. त्याचं नाव लावून भलतेच बॉट पण येतात, म्हणून आयपीची उलटी डीएनएस तपासणी करा, म्हणजे तो आयपी खरंच गूगलचा आहे का ते बघा. लॉग मिळत नसेल तर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलच्या सेटिंग्जमध्ये क्रॉल स्टॅट्स (बॉटच्या फेऱ्यांचा अहवाल) आहे, तिथं मागच्या 90 दिवसांचा हिशेब मिळतो.

शहापुरातल्या एका साडी दुकानाच्या लॉगमध्ये नव्या साड्यांची पानं औषधालाच होती. बाकी सगळे फिल्टरचे पत्ते: हिरवा, सुती, स्वस्त आधी; हिरवा-लाल, सुती, महाग आधी. मालक म्हणाले, "साड्या तीनशे, मग एवढी पानं कुठनं आली वो?"

मांडून दाखवलं. रंग 8, कितीही एकत्र निवडता येतात, म्हणजे 256 प्रकार. कापडं 5, तीही तशीच, म्हणजे 32. किमतीचे 4 गट आणि 'सगळे' धरून 5. क्रम लावायच्या 4 तऱ्हा. वर मराठी, कन्नड, इंग्रजी. गुणाकार 4,91,520. रंग आधी टिचकला की कापड, यावर साइट पत्ता बदलत असेल तर आकडा आणखी फुगतो. बॉटच्या फेऱ्या यातच खर्ची पडतात आणि नव्या साड्यांची पानं राहून जातात.

फिल्टर गिऱ्हाइकाला हवेतच, ते काढू नका. रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये डिसअलाऊच्या ओळी घालून रंग, किंमत, क्रम यांचे पॅरामीटर (पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढं चिकटणारे भाग) बॉटला बंद करा. 'कार्टमध्ये टाका' आणि 'विशलिस्ट' ही बटणं साध्या लिंका असतील तर त्यांचेही पॅरामीटर त्याच फाइलमध्ये बंद. वूकॉमर्स या वर्डप्रेसच्या दुकान-प्लगइनवर चालणाऱ्या साइटवर ही बटणं आधी तपासा. प्रत्येक साडीमागं एकदोन फुकटचे पत्ते तिथंच तयार होतात. नुसत्या कॅनॉनिकल टॅगवर (सारख्या पानांतलं मूळ पान कुठलं ते सांगणाऱ्या खुणेवर) विसंबू नका, तो वाचायला बॉटला पान उघडावंच लागतं. आणि एकाच पानावर रोबोट्सची बंदी आणि नोइंडेक्स ('हे पान शोधात दाखवू नका' ही पानातली सूचना) दोन्ही लावणं तर निरर्थकच: पान उघडताच येत नसेल तर नोइंडेक्स वाचणार कोण? सर्च कन्सोलमधला जुना पॅरामीटरचा टूल गूगलनं 2022 मध्येच बंद केला, तेव्हा त्याचे व्हिडिओ बघत बसू नका.

आपल्या भागातलं खास दुखणं म्हणजे भाषा. निपाणी, खानापूरपर्यंत गिऱ्हाईक तिन्ही भाषांतलं, त्यामुळं बटणं तीन असणारच. पण ती प्रत्येक पत्त्याच्या शेपटीला भाषेचा पॅरामीटर चिकटवत असतील तर वरचा गुणाकार आठवा. प्रत्येक भाषेला स्वतंत्र फोल्डर द्या, एकाच पानाच्या तिन्ही रूपांना एचआरईएफलँगनं (hreflang, दुसऱ्या भाषेतलं रूप कुठं आहे ते सांगणारी खूण) जोडा. ब्राउझरची भाषा बघून आपोआप पान फिरवण्याची हौस काही डेव्हलपरना असते, ती मोडून काढा. गूगलबॉट भाषेची पसंती कळवतच नाही, मग साइटची मूळ भाषा इंग्रजी असेल तर त्याच्या पदरी कायम इंग्रजीच पडतं आणि मराठी पानं झाकलेली राहतात.

संपलेल्या मालाचं काय? 'क्षमस्व, स्टॉक नाही' असं लिहून सर्व्हर मागं 200 चा, म्हणजे 'पान ठीक आहे' असा, कोड देत असेल तर बॉट त्या मेलेल्या पानावर पुन्हा पुन्हा चकरा मारतो. साडी परत येणार नसेल तर सरळ 404 (पान सापडलं नाही) किंवा 410 (पान कायमचं गेलं) द्या. सगळं होमपेजकडं वळवणं हा उपाय नव्हे, गूगल त्यालाही चुकीचंच पान धरतं.

मंगल कार्यालयाची साइट असेल तर बुकिंगचं कॅलेंडर उघडा आणि 'पुढचा महिना' दाबत राहा. 2090 सालचा मुहूर्तही रिकामा दाखवत असेल तर बॉटसुद्धा तिथवर जाणार. दीड-दोन वर्षांपुढची लिंकच काढून टाका.

रिडायरेक्टच्या (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवण्याच्या) साखळ्या तोडा, जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर न्या. साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलला दिलेल्या पानांच्या यादीत, रोज सगळ्या पानांना आजची तारीख ठोकणारं प्लगइन असेल तर ते बंद करा. तारखा खोट्या निघाल्या की गूगल त्या बघायचं सोडतं. सर्व्हर दमून 500 किंवा 503 (सर्व्हरच्या बिघाडाचे कोड) देत असेल तर बॉट आपण होऊन वेग कमी करतो, तिथं स्वस्त होस्टिंग बदलण्याला पर्याय नाही.

कुंदा (बेळगावची मिठाई) विकणाऱ्याची चाळीस पानांची साइट असेल तर मात्र यातलं बहुतेक सोडून द्या. हा खटाटोप पत्ते हजारोंनी वाढणाऱ्यांसाठी आहे.

रोबोट्सची फाइल बदलली की लगेच लॉग बघून हताश होऊ नका. गूगल तिची प्रत साधारण 24 तास जवळ ठेवतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशीपर्यंत जुन्याच पत्त्यांवर टकटक चालू दिसेल.