सिंगापूरहून परतल्यावर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’: माझा अनुभव

मुंबई विमानतळावर उतरलो, विमान मोड काढला, तरी रेंजच्या दांड्या रिकाम्या आणि वर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’. मुलुंडला घरी पोचलो तरी तेच. फोन दोनदा रिस्टार्ट केला, सिम काढून पुसून परत घातलं. मोबाइल कंपनीच्या गॅलरीत सांगितलं, सिम बदला. दोन दिवस नुसती चिडचिड!

मग सिम बायकोच्या फोनमध्ये घातलं, लगेच रेंज. म्हणजे सिम ठणठणीत, घोळ माझ्याच फोनचा. तेव्हा आठवलं, सिंगापूरला रोमिंगसाठी मी तिथलं नेटवर्क हाताने निवडलं होतं. फोन इथे मुलुंडमध्ये बसून तेच शोधत होता.

सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडलं. दोन सिम असतील तर आधी योग्य सिम निवडा, मी पहिल्यांदा भलत्याच सिमचं बदलत बसलो होतो. ‘नेटवर्क ऑपरेटर’मध्ये 525ने सुरू होणारा आकडा दिसला. 525 हा सिंगापूरच्या मोबाइल नेटवर्कचा कोड. भारताचे 404 आणि 405. तिथे ‘आपोआप निवडा’ चालू केलं. मग विमान मोड अर्धा मिनिट लावून काढला. रेंज आली.

कॉल मात्र लागेनात. नेटवर्क प्रकार ‘फक्त 4जी’वर राहिला होता आणि व्होल्टीई (4जीवरून कॉल करायची सोय) बंद होतं. प्रकार 5जी/4जी ऑटो केला, व्होल्टीई चालू केलं, एकदा रिस्टार्ट. पहिला कॉल आईला लागला.

‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ शेवटी ठेवा, त्यात वायफायचे सगळे पासवर्ड पुसले जातात.