मे महिन्यात सोलापुरात सावली गायब करायचा प्रयोग

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा मुलांना १२ वाजताच गच्चीवर न्या, पायात चप्पल हवीच, फरशी पोळते. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा सपाट जागी ठेवा, जागा सपाट आहे का ते ताटात थोडं पाणी घालून आधी बघून घ्या, सगळे हेच विसरतात. मग दर ५ मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं मार्क करायचं. १२:२३ च्या आसपास सावली डब्याखालीच जाते, बाजूला काहीच दिसत नाही! आपण साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत आणि त्या दिवशी सूर्यही तेवढाच उत्तरेला असतो म्हणून हे होतं.

खरी मजा पुढे आहे, २१ जूनला ढग नसतील तर ३० सेंमीची काठी उभी करा, साडेबाराच्या सुमारास साधारण ३ सेंमी सावली पडेल आणि तीही दक्षिणेला. एप्रिलमध्ये हीच दुपारची सावली उत्तरेला असते, दोन्ही खुणा मुलांनाच करू द्या. फक्त सूर्याकडे थेट बघू देऊ नका.