नवा राउटर, आपला कर्नल: आधी फॅक्टरीचा बॅकअप घ्या

हातात मीडियाटेक एमटी७६२१ चिपचा, १६ एमबी फ्लॅशचा (कायमच्या साठवणीचा) राउटर आहे, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या लिनक्स फर्मवेअरच्या यादीत त्याचे नाव नाही आणि त्यावर आपणच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठवायचा आहे, असे धरून चाललो आहे. ही यादी लिहायचे कारण एकच. मागच्या खेपेला कर्नल उठला, पोर्ट चालले, दिवेसुद्धा लागले, आणि वायफाय कायमचे गेले. फॅक्टरी विभागाचा बॅकअप घेतला नव्हता. त्यामुळे हा मुद्दा खाली पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

फॅक्टरी म्हणजे फ्लॅशमधला ६४ केबीचा तुकडा. कुठे त्याला फॅक्टरी म्हणतात, कुठे आर्ट, कुठे रेडिओ. कारखान्यात तो एक नग मोजून त्याचे आकडे इथे भरलेले असतात: कोणत्या चॅनेलला किती पॉवर, फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल किती सरकलेला, यंत्राची नेटवर्कवरची ओळख असलेला मॅक अ‍ॅड्रेस कोणता. फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून पुन्हा उतरवता येते, हे येत नाही, कारण ते अपडेटच्या फाइलीत नसतेच. मित्राकडे त्याच मॉडेलचा राउटर असला तरी त्याचे आकडे त्याच्या बोर्डाचे. ते आपल्यात भरले तर नेटवर्क दिसेल, पण फ्रिक्वेन्सी थोडी घसरलेली, रेंज अर्धवट आणि दोन यंत्रांना एकच मॅक.

सामान. स्क्रू ड्रायव्हर, लॅन केबल, सोल्डरिंग आयर्न हे सांगायला नको. बोर्डाच्या सिरियल पिना लॅपटॉपला जोडणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या आणि त्याचा जम्पर ३.३ व्होल्टवर आहे हे मल्टिमीटरने बघा, छापलेल्या अक्षरांवर जाऊ नका. बर्ग पिना चार. फ्लॅश थेट वाचायला सीएच३४१ए प्रोग्रामर आणि आठ पायांची क्लिप. बाजारात सर्रास मिळणाऱ्या काळ्या सीएच३४१एमध्ये एक गोम आहे: चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. पुष्कळ चिपा ते सोसतात, एखादी सोसत नाही. दुरुस्त केलेला किंवा व्होल्टेज निवडता येणारा घ्या. चिपवरचा नंबर भिंगाखाली शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा: डब्ल्यू२५क्यू१२८ जेव्ही ३.३ व्होल्टची, तीच जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे.

बिल्डसाठी, म्हणजे सोर्समधून राउटरवर चढवायची इमेज तयार करायला, लिनक्स, ४ जीबी रॅम आणि १५ ते २० जीबी मोकळी जागा. रूट म्हणून बिल्ड करू नका. फोल्डरच्या नावात स्पेस नको. आपल्या राउटरच्या सगळ्यात जवळचा, आधीच सपोर्ट असलेला बोर्ड निवडा आणि काहीही न बदलता एकदा पूर्ण बिल्ड करून ठेवा. पहिल्या वेळी काही तास जातात. पण हे झालेले असले म्हणजे पुढे जे मोडेल ते आपणच मोडले आहे एवढे तरी कळते.

कंपनीकडे जीपीएल या मुक्त परवान्याखाली सोर्स मागा. मिळेल तेव्हा मिळेल, मेल आजच टाका. ओपनडब्ल्यूआरटी २००४ मध्ये उभे राहिले तेच मुळी लिंक्सिसला डब्ल्यूआरटी५४जीचा सोर्स असाच मोकळा करावा लागला म्हणून. सोर्स जुनाट आणि अर्धवट निघतो, तरी जीपीआयओचे (दिवे-बटणे जोडलेल्या पिनांचे) नंबर त्यात सापडतात.

आता सिरियल, म्हणजे बूट होतानाचा मजकूर बघायची वाट. बोर्डावर ओळीने चार भोके असतील. ग्राउंड शोधायला राउटर बंद करून शील्डशी कंटिन्युइटी बघा. मग चालू करा: स्थिर ३.३ दाखवते ते व्हीसीसी (पुरवठा), बूट होताना जिथे आकडा हलतो ते टीएक्स (बोर्ड बोलतो ते), उरले ते आरएक्स (ऐकतो ते). व्हीसीसी जोडायचे नाही. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंडला ग्राउंड, बस. वेग ११५२०० किंवा ५७६००. बूटलोडर (कर्नल चढवणारा छोटा प्रोग्रॅम) नीट दिसतो आणि कर्नल सुरू झाल्यावर कचरा दिसतो, असे झाले तर कर्नल मेला नाही, दोघांचे वेग वेगळे आहेत. डीटीएस म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल; तिच्यातल्या बूटआर्ग्जमध्ये (कर्नलला द्यायच्या सूचनांत) कन्सोलचा वेग जुळवा.

मूळ फर्मवेअरचा बूट लॉग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फाइलीत साठवा. त्यात विभागांचा तक्ता असतो. तो कागदावर उतरवा, कारण सगळे पुढे यावरच अडते. एमटी७६२१वर नेहमीची मांडणी अशी: १९२ केबी यू-बूट (हाच बूटलोडर), ६४ केबी कॉन्फिग, ६४ केबी फॅक्टरी, उरलेले १६०६४ केबी फर्मवेअर. नेहमीची म्हणजे तुमचीही तीच असे नव्हे! अ‍ॅथेरॉस चिपच्या बऱ्याच राउटरांत आर्ट फ्लॅशच्या अगदी शेवटच्या ६४ केबीत असते, आणि मीडियाटेकवालेही काही जण रेडिओचा विभाग शेवटाकडे नेतात. तक्ता न बघता जवळच्या बोर्डाचा डीटीएस उचलला आणि फर्मवेअर शेवटपर्यंत ताणले, तर इमेज लिहिताना काहीच बिघडत नाही. बिघडते पहिल्या बूटला. स्क्वॅशएफएस (फर्मवेअरचा न बदलणारा भाग) संपते तिथून विभागाच्या टोकापर्यंतची सगळी जागा जेएफएफएस२ (सेटिंग साठवणारा भाग) स्वतःसाठी पुसून घेते. लॉगमध्ये एकही एरर नसते. कॅलिब्रेशन, म्हणजे फॅक्टरीतले आकडे, तेवढे गेलेले असते.

तेव्हा बॅकअप. फ्लॅशवर एकही बाइट लिहिण्याआधी. दोन वाटा आहेत.

पहिली क्लिपची. अडचण अशी की प्रोग्रामरचे ३.३ व्होल्ट चिपपुरते थांबत नाहीत, अख्ख्या बोर्डात पसरतात. प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच फ्लॅशवर वाचायला येतो. म्हणून वाचन दर वेळी वेगळे निघते. फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने तीनदा वाचा आणि तिन्ही फाइलींचा एसएचए२५६ (फाइलीचा ठसा) जुळवा. जुळत नसेल तर चिपचा व्हीसीसीचा पाय उचला, नाहीतर चिपच काढून वाचा. सगळीकडे एफएफ आले तर क्लिप नीट बसलेली नाही. ‘दोनदा साधारण सारखेच आले’ याला जुळणे म्हणत नाहीत.

दुसरी वाट मला जास्त पटते: इनिटरॅमएफएस इमेज (पूर्ण रॅममधूनच चालणारी) रॅममध्ये चढवून आतूनच फ्लॅश वाचायची. कशी चढवायची ते खाली टीएफटीपीच्या परिच्छेदात. यासाठी पहिल्या डीटीएसमध्ये विभाग पाडूच नका. अख्खी १६ एमबी एकच विभाग, आणि त्याला रीड-ओन्ली. तक्त्यात चूक असली तरी मग काही पुसले जात नाही. बूट झाल्यावर एमटीडी० (तोच एक विभाग) टेम्प फोल्डरमध्ये कॉपी करा आणि लॅपटॉपवर ओढा. फाइल ओढायची कमांड एससीपी इथे हटकून अडते, कारण नवे एससीपी समोर एसएफटीपी सर्व्हर मागते आणि राउटरवर ते नसते. कमांडला मोठ्या ओचा पर्याय (-O) लावा. फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. एकही कमी नको.

घेतलेला बॅकअप उघडून बघा. हे ज्याने केले नाही त्याने बॅकअप घेतलाच नाही. फॅक्टरी जिथून सुरू होते तिथले बाइट हेक्सडंपमध्ये (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या कमांडने) काढा. २.४ गिगाहर्ट्झला एमटी७६०३ ही रेडिओ चिप असेल तर पहिले दोन बाइट ०३ ७६ दिसतात, म्हणजे चिपचाच नंबर उलटा. ५ गिगाहर्ट्झला एमटी७६१२ असेल तर त्याचे आकडे बहुधा ३२ केबी पुढे असतात आणि तिथे १२ ७६ किंवा ६२ ७६. मग राउटरच्या बुडावरच्या स्टिकरवरचा मॅक त्या ६४ केबीत सापडतो का ते बघा. शेवटचा एखादा आकडा पुढेमागे असेल तर चालेल, रेडिओंना ओळीने मॅक देतात. अजिबात सापडत नसेल तर जागा चुकली, तक्त्याकडे परत. सापडला की फाइल दोन ठिकाणी ठेवा. त्यातले एक लॅपटॉपबाहेरचे.

डीटीएसमध्ये आता खरे विभाग पाडा. यू-बूट रीड-ओन्ली, फॅक्टरी रीड-ओन्ली. हा एक शब्द विसरू नका. एसपीआयची (फ्लॅश ज्या तारांवरून वाचतात त्यांची) गती सुरुवातीला १० मेगाहर्ट्झ ठेवा, नंतर वाढवता येते. आधीच ८० ठेवून कर्नलला शिव्या देण्यात अर्थ नाही.

टीएफटीपीसाठी (यू-बूट लॅपटॉपवरून इमेज ओढतो ती पद्धत) लॅपटॉपला स्थिर आयपी, वायफाय बंद, फायरवॉल बंद. राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक साधा स्विच ठेवा. राउटर रीसेट झाला की थेट केबलचा लिंक पडतो, लॅपटॉप आयपी सोडतो आणि तेवढ्यात यू-बूटचा वेळ संपतो. जुन्या यू-बूटच्या मेन्यूत १ म्हणजे रॅममध्ये चढवा, २ म्हणजे फ्लॅशवर लिहा, आणि ९ म्हणजे बूटलोडरच बदला. आपल्याला १ हवा. ९ ला हात लावायचा नाही. २ सुद्धा बॅकअपशिवाय नाही. कशाचा बॅकअप ते आता विचारू नका.

रॅममधून दोन-तीनदा नीट उठला, दोन्ही रेडिओ दिसले, की मगच फ्लॅशवर लिहा. लिहिताना वीज जाणार नाही असे बघा. ‘एलझेडएमए एरर १’ म्हणून थांबला तर इमेज खराब नाही, जुन्या यू-बूटला मोठा कर्नल उलगडता येत नाही. इमेजच्या रेसिपीत एलझेडएमए लोडर घाला.

बाकीचे पटकन. लॅन पोर्टांचा क्रम बहुधा उलटा निघतो, केबल एकेका भोकात घालून डीटीएसमधली नावे बदला. दिवे आणि बटणे बहुधा पिन शून्यावर आली की चालू होणारी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह लो. रीसेट बटण दाबून खात्री करा. सिसअपग्रेड (नवी इमेज चढवायची कमांड) एकदा चालवून बघा, सेटिंग टिकते का ते बघा. पॅच ओपनडब्ल्यूआरटीला पाठवायचा तर साइन्ड-ऑफ-बायची (आपल्या नावाची) ओळ हवी आणि कमिटच्या मजकुरात फ्लॅश करायची पद्धत लिहा. बॅकअपची फाइल मात्र कुठेही अपलोड करू नका, तिच्यात तुमचा मॅक आहे. आणि तिला नुसते ‘फॅक्टरी’ नाव देऊ नका. स्टिकरवरचा मॅकच फाइलीचे नाव. दुसरा नग टेबलावर आला की कोणती फाइल कोणाची ते नाहीतर हेक्सडंपमध्येच शोधावे लागते.