वांशिक समतेसाठी संस्था एकत्र शिकतात तेव्हा या चुका टाळा

2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाने जीव घेतला आणि त्यानंतर अमेरिकेत कितीतरी संस्था, फाउंडेशन्स, सरकारी ऑफिसं एकत्र येऊन वांशिक समता शिकायला लागली. खूप गरजेचं काम आहे हे, म्हणूनच ते मध्येच थंड पडलं की फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मीटिंगला प्रत्येकजण आपलं चांगलं तेवढंच घेऊन येतो, स्टेटमेंट, ट्रेनिंगचे फोटो वगैरे, आणि आकडे मात्र घरीच राहतात. भरतीचंच घ्या ना, कृष्णवर्णीय उमेदवारांचे अर्ज किती आले, इंटरव्ह्यूला किती पोचले, घेतले किती, त्यातले दोन वर्षं टिकले किती, हे टप्पे वंशानुसार वेगळे काढून एका शीटवर मांडा आणि दुसऱ्या संस्थेला दाखवा. गळती कुठे होते ते लगेच दिसतं. ती रेझ्युमे चाळतानाच होत असेल तर नवल नाही, कारण 2004 मध्ये छापून आलेल्या बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात बॉस्टन-शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना एकसारख्या दर्जाचे रेझ्युमे पाठवले होते, फरक फक्त नावाचा, तरी गोऱ्या वाटणाऱ्या नावांना इंटरव्ह्यूसाठी सुमारे 50 टक्के जास्त कॉल आले. मग अजून एक वर्कशॉप घेऊन काय होणार? निकष आधी लिहून ठेवा, ‘आपल्यात बसेल का’ हा रकाना काढून टाका, सहा महिन्यांनी तेच शीट परत उघडा.

दुसरं, दर वेळी कृष्णवर्णीय सहकाऱ्यालाच ‘तुझा अनुभव सांग ना’ म्हणायचं. हा अन्याय आहे हो! त्यांना नको असेल तर विषय तिथेच सोडा, आणि सांगणार असतील तर तो वेळ कामाचे तास म्हणून धरा, मोबदला द्या.

ज्याच्या हातात बजेट नाही असा माणूस पाठवणं हीपण चूकच. अमेरिकेतल्या सिएटल शहराने 2004 च्या सुमारास वांशिक समतेचं काम सुरू केलं आणि पुढे धोरण, बजेट ठरवताना वापरायची, वांशिक परिणाम तपासणारी प्रश्नावलीच बनवली. निर्णय होऊन गेल्यावर ती भरली तर नुसता कागद.

आणि कॉलेज ॲडमिशनमध्ये वंश विचारात घेण्याविरुद्धचा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 2023 चा निकाल फक्त ॲडमिशनचा होता, त्याला घाबरून आकडे बघणंच बंद करू नका. भरतीत वंशावरून कोटा ठेवायला तिथल्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यामुळे आधीपासूनच बंदी आहे, पण गळती शोधणं म्हणजे कोटा नाही, शंका असेल तर वकिलाला पहिल्याच मीटिंगला बोलवा.