नेटवर्क ड्रायव्हरमुळे सर्व्हर पडला तर आधी काय बघायचं

सर्व्हर गेला की पहिला हात रिसेट बटणाकडे जातो, तो आधी आवरा. पिंगला उत्तर नाही, एसएसएचने (दुरून लॉगिन) आत जाता येत नाही म्हणजे मशीन बंदच पडलं असं नसतं, बऱ्याचदा नुसतं नेटवर्क कार्ड अडकलेलं असतं आणि आत डेटाबेस वगैरे सगळं व्यवस्थित चालू असतं. मॉनिटर-कीबोर्ड लावा, नाहीतर आयपीएमआय कन्सोल (सर्व्हरचा स्क्रीन दुरून दाखवणारी वेगळी सोय) उघडा. लॉगिन येतंय का? मग डीमेसेज (dmesg, कर्नलचे म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) मारून शेवटच्या ओळी नीट वाचा.

लिनक्सवर इंटेलच्या ऑनबोर्ड कार्डांचं जुनं दुखणं म्हणजे ई१०००ई (e1000e) ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. मोठा बॅकअप चालू असताना 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' ही ओळ परत परत यायला लागते, मागोमाग वॉचडॉगचा ट्रान्समिट क्यू टाइमआउट, म्हणजे पाठवायची रांग अडकल्याचा इशारा. हे दिसलं तर एथटूलने (ethtool, कार्डाची सेटिंग बदलणारी कमांड) टीएसओ आणि जीएसओ ऑफ करून बघा. टीएसओ म्हणजे डेटाचे पॅकेट पाडायचं काम कार्डावर ढकलणं (जीएसओ हा त्याचाच कर्नलमधला प्रकार), ते बंद केलं की सीपीयू ते काम करतो, १ गिगाबिटच्या पोर्टला फरक फारसा जाणवतही नाही. फक्त रीबूटनंतर हे सेटिंग उडतं, डेबियन किंवा प्रॉक्समॉक्स (लिनक्सचे प्रकार) असेल तर इंटरफेसेस फाइलमध्ये पोस्ट-अप ओळ (कार्ड चालू झाल्यावर आपोआप चालणारी कमांड) टाकून ठेवा, हे लोक हमखास विसरतात.

कन्सोलच गोठलाय, कर्नल पॅनिक (कर्नलच कोसळून सगळं थांबणं) आलंय? आधी स्क्रीनचा फोटो काढा, मगच रीबूट. आरआयपी (RIP, कर्नल कोसळला ती जागा) लिहिलेली ओळ शोधा, तिच्या शेवटी चौकटी कंसात मॉड्यूलचं (ड्रायव्हरचं) नाव असतं. एकदा दिसलं म्हणून लगेच ड्रायव्हरवर खापर फोडू नका, खराब रॅममुळेही असं होतं, पण दर वेळी तेच नाव येत असेल तर संशय पक्का धरा. रीबूटनंतर जर्नलसीटीएलने (journalctl, लॉग दाखवणारी कमांड) मागच्या बूटचा कर्नल लॉग बघा, तोही व्हार-लॉगमध्ये (/var/log) जर्नल फोल्डर असेल तरच मिळतो, नाहीतर सगळं रॅममध्येच राहतं आणि जातं. पॅनिकच्या शेवटच्या ओळी तर डिस्कपर्यंत पोचतच नाहीत म्हणून केडंप (कोसळताना मेमरीची नक्कल डिस्कवर साठवणारी सोय) आधीच सेट करून ठेवा. नेटकन्सोलच्या (नेटवर्कवरून कर्नल लॉग पाठवणारी सोय) भरवशावर इथे राहू नका, तो लॉग पाठवणार त्याच बिघडलेल्या कार्डावरून!

आणि नुकताच कर्नल अपडेट झाला असेल तर ग्रबमधून (सुरू होतानाचा मेनू) जुना कर्नल निवडून चालू करा. त्यावर नीट चालला तर तोच होल्ड करून (पुढचे अपडेट थांबवून) ठेवा, आणि जुन्यावरही तसंच होत असेल तर वेगळ्या चिपचं कार्ड टाकून मोकळे व्हा.